दोन बोटांचा फरक

बाईंनी घडी केलेला टॉवेल मृतदेहाच्या उजव्या खांद्याखाली सरकवला आणि मान थोडी फिरवली. डावा खांदा पडला पाहिजे होता. एरवी माणूस सरळ निजवायचा असतो. पण पाच वर्षांपूर्वी हरवलेल्या एका मुलाचा जुना एक्स-रे फोटो काढला तेव्हा तो सरळ उभाच राहिला नव्हता. मोडलेली हासळी, गळ्यापासून खांद्यापर्यंतचं हाड, सांधली की नाही, एवढंच बघायचं होतं. सांधली होती, तरी दुखेल या धास्तीने एकोणीस वर्षांचा तो घोडा खांदा पाडून, तोंड फिरवून उभा होता. हाडं ताडून बघायची तर नवा फोटो जुन्याच्याच कोनात हवा. म्हणून गेल्या पाच वर्षांत बाईंनी आठ परक्या माणसांना त्या मुलासारखं रुसल्यागत निजवलं होतं. हा नववा.

बाई तीस वर्षं या इस्पितळात एक्स-रे काढत होत्या. जिवंतांचे दुसऱ्या मजल्यावर, मेलेल्यांचे इथे तळघरात, शवागाराला लागून. हा कालव्यात सापडला होता. चेहऱ्यावरून ओळखावं असं काही उरलं नव्हतं, पण डाव्या हासळीला हाताने चाचपता येईल असा जुना उंचवटा होता. हवालदाराने लगेच मुलाच्या वडिलांना फोन केला. "या वेळेला शक्यता आहे," म्हणाला. असं त्याने आधीही म्हटलं होतं.

फोटो पडद्यावर आला आणि बाई पुढे वाकल्या. तेच हाड, तसाच सांधा. मग त्यांनी वडिलांनी आणलेली जुन्या फोटोची फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली, चष्मा पुसला, पट्टी घेतली. मुलाचं हाड मधोमध मोडलं होतं. याचं खांद्याकडे सरकून. दोन बोटांचा फरक.

दार ढकलून मुलाची आई आत आली. एवढ्या वर्षांत ती पहिल्यांदाच आली होती.

"जुळतंय का, ताई?"

"नाही, मावशी."

मावशींनी मागे वळून पाहिलं. बाहेर बाकावर मुलाच्या वडिलांना, काकांना, डुलकी लागली होती, फिल्मचं रिकामं पाकीट मांडीवर. मावशींनी दार हळूच लोटलं.

"जुळतंय म्हणा."

बाईंना वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली.

"दोनदा छातीत कळ येऊन गेली त्यांच्या. डॉक्टरने प्रवास बंद सांगितलाय. पण ऐकतात कुणाचं? फोन आला की पाकीट बगलेत मारून निघाले. जिवात जीव ठेवला नाही हो या शोधाने. एकदा हो म्हणा, संपू दे. पुढचं रडणं-बिडणं मी बघते."

"सही डॉक्टरसाहेबांची असते, मावशी. माझ्या हातात काय आहे?"

"तुम्ही सांगाल तिथे साहेब सही करतात. हवालदारच म्हणत होता."

हवालदाराला गप्प बसता येत असतं तर तो हवालदार कशाला झाला असता! पण बोलला ते खरं होतं. साहेबांची सही फार देखणी होती. बघायचं काम बाईंचं. रक्त ताडून डीएनएचा अहवाल यायला वर्ष जायचं, म्हणून हाडाच्या दाखल्यावर मृतदेहाचा ताबा मिळायचा.

"आणि उद्या पोरगा दारात येऊन उभा राहिला तर?"

"पाच वर्षं मीच उभी आहे दारात," मावशी म्हणाल्या.

बाई खुर्चीत बसल्या. पाय सकाळपासून भरून आले होते. दोन बोटं. कोण मोजायला येणार होतं? चार महिन्यांनी त्या निवृत्त होणार होत्या. हो म्हणावं, एक म्हातारा घरी बसेल, एक बाई झोपेल. तीस वर्षांत कुणाचं भलं करणं असं हातात कधी आलं नव्हतं.

"यालाही कुणी शोधत असेल, मावशी," त्या शेवटी म्हणाल्या. "आपण नेला, की ती माणसं जन्मभर शोधत राहतील."

मावशींनी तेव्हा कुठे टेबलाकडे नीट पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"मी सगळं नीट करीन त्याचं," त्या म्हणाल्या. "काही कमी पडू देणार नाही."

 बाईंनी कागद ओढला आणि 'जुळत नाही' असं लिहिलं. लिहिताना आपणच काही तरी वाईट करतोय, असं त्यांना वाटत राहिलं.

दार वाजलं. काका जागे होऊन आले होते, पाकीट छातीशी धरून.

"काय झालं? जुळलं?"

 मावशींनी पदराने तोंड पुसलं.

"नाही हो. आपला नाही."

काकांनी मान हलवली. त्यांना बरं वाटलं की वाईट, हे त्यांच्या चेहऱ्यावरून बाईंना आजवर कधी कळलं नव्हतं. त्यांनी फिल्म पेटीवरून काढली, कडांना धरून पाकिटात सरकवली, दारापर्यंत गेले आणि थांबले.

"मग याचं कुणी आलं का?"

"नाही, काका. अजून कुणीच नाही."

काका मागे फिरले. भिंतीजवळचं स्टूल त्यांनी टेबलापाशी ओढलं आणि बसले.

"अहो, गाडी सुटेल," मावशी म्हणाल्या.

"सुटू दे. दुसरी असते."

 मावशींनी पुढे होऊन चादरीचं टोक टेबलावरच्या त्या परक्याच्या उघड्या पावलावर ओढलं, आणि बाईंनी पुढे केलेल्या खुर्चीत त्याही बसल्या.