लांबची लेन्स

"दोन्ही लावून बघा, दस्तगीर. घाई नाही," बापूसाहेब म्हणाले.

वालचंदनगरच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात टेबलावर दोन लेन्स मांडल्या होत्या. बापूसाहेब कारखान्यातले इंजिनिअर. महिन्याभरात निवृत्त होऊन पुण्याला निघाले होते. दस्तगीरचा बारामतीत फोटो स्टुडिओ होता. त्याचा कॅमेराही त्यांनीच वापरून विकलेला. आता त्याला लांबचं टिपणारी लेन्स हवी होती. कुस्त्यांच्या आखाड्यात पंच आत उभं राहू देत नसत आणि कडेवरून काढलेल्या फोटोत पैलवान मुंगीएवढे दिसत.

पहिली लेन्स जर्मन, नितळ. पण खिशाला झेपणारी नव्हती. दुसरी आणखी लांबचं ओढणारी, काचेवर बारीक चरा पडलेली, म्हणून स्वस्त. त्यानं तीच लावली आणि समोरच्या मैदानाकडं डोळा लावला.

तिथं उसाच्या गाड्या रांगेत थांबल्या होत्या. आधी सगळं धुरकट दिसलं. त्यानं लेन्सचं कडं हळूहळू फिरवलं. एक पांढरा बैल लख्ख समोर आला. मग चाक. मग चाकाला टेकून भाकरी खाणारा माणूस.

इस्माईलभाई!

सात वर्षांत थोरल्या भावाला त्यानं इतकं जवळून पाहिलं नव्हतं. दाढी पिकली होती. गालफडं बसली होती. प्रत्येक घासाआधी एक तुकडा तो बैलापुढं धरत होता. अब्बा अगदी असेच जेवायचे. दोघं पोरं दोन बाजूंना, मध्ये अब्बा, आणि मागून मान लांबवणारा बैल.

अब्बा गेले तेव्हा दस्तगीर इंदापूरला एका बड्या घरच्या लग्नाचे फोटो काढत होता. स्टुडिओ नुकताच उघडलेला, पहिलंच मोठं काम. सांगावा मिळताच तो सणसरला, घरी धावला. तोवर माती देऊन लोक परतत होते. "आता आलास व्हय?" भर वाटेवर इस्माईल ओरडला होता. "जा, फोटू काढ जा!" त्यानंतर दस्तगीरनं गावात पाऊल टाकलं नव्हतं.

"काय, कुठली ठरली?" बापूसाहेबांनी विचारलं.

"हीच घेतो, साहेब. पण आधी जरा जाऊन येतो."

कॅमेरा टेबलावर ठेवून तो मैदान ओलांडत गेला. त्याला पाहताच इस्माईल भाकरी फडक्यात ठेवून उठला.

"भाई," दस्तगीर म्हणाला, "अब्बांच्या मातीला मी पोचलो न्हाय. मला माफ कर."

इस्माईलनं बैलाच्या पाठीवर हात ठेवला.

"अब्बा दोन दिस अंथरुणावर हुते रं. तुला बोलवू का म्हणून इचारलं, तर म्हणाले, पोराचं पयलं काम हाय, मोडू नगंस. म्या ऐकलं. तुला उशीर झालाच न्हवता, दस्तगीर. सांगावा म्याच उशिरा धाडला."