नाकाची नोकरी

"तुमचं बरंय ताई, तुम्हाला मास्क खाली करायला मिळतो," धाकटी जाऊ पुटपुटली. हातातली सुरी चालूच होती. "आमचा श्वास आमच्याच तोंडावर. वर हे ओले हातमोजे. बोटं नुसती सोललीयेत."

थोरलीने पुढचा क्रेट ओढला, मास्क हनुवटीखाली घेतला, एका माशाचा कल्ला अंगठ्याने उचलला आणि नाक जवळ नेलं.

मासळीच्या कारखान्यात ती वास घेणारी होती. बर्फातून आलेला प्रत्येक क्रेट आधी तिच्या नाकाखालून जायचा. तिने मान डोलावली की माल सरकत्या पट्ट्यावर, नाहीतर मागच्या दाराने खताच्या गाडीत. वीस वर्षं हेच. नव्या पोरींना तिचं खरं नाव माहीतच नव्हतं. नाकवाल्या ताई म्हटलं की पुरे. साथ आली, सगळ्यांची तोंडं झाकली गेली, पण हिचं नाक उघडंच राहिलं. ते झाकून काम कसं होणार?

आणि परवा सकाळपासून त्या नाकाला काही म्हणजे काही कळत नव्हतं.

आधी चहा गेला. म्हणजे चहा कपात होता, वास गेला. मग साबण. मग शेडच्या दारातलं औषधाचं पाणी, ज्यात बूट बुडवूनच आत यायचं आणि ज्याने एरवी डोळे झोंबायचे. बूट वर ओढायच्या निमित्ताने ती त्यावर पार वाकली. साधं पाणी. माशांच्या ज्या वासाला वीस वर्षं शिव्या घातल्या, ज्याच्यापायी केस तीन-तीनदा धुतले, बसमध्ये शेजारची बाई सरकून बसली की खिडकीबाहेर बघितलं, तो वास आता कुणी आणून दिला असता तर ती त्याच्या पायाच पडली असती.

ताप नव्हता, खोकला नव्हता. फाटकावरचा पहारेकरी कपाळापुढे यंत्र धरायचा आणि जा म्हणायचा. सांगायचं तरी कुणाला? दुसऱ्या पाळीतल्या एकीने खरं सांगून टाकलं होतं. संध्याकाळपर्यंत सगळी पाळी घरी. पंधरा दिवसांनी शेड उघडली तेव्हा निम्म्या जणींना बोलावणंच आलं नाही. त्या सांगणारीशी अजून कुणी धड बोलत नाही. इथे तर तीस जणी, आणि त्यातली एक स्वतःची जाऊ. दोघींचे नवरे चार महिने काम नाही म्हणून घरी बसलेले. घराची चूल या दोघींच्या हातांवर.

म्हणून दोन दिवस ती डोळ्यांनी वास घेत होती. माशाचा डोळा चकचकीत आहे का, कल्ला लाल आहे का, अंगठा दाबला की मांस परत वर येतं का. मग मास्क खाली, नाक जवळ, मनात तीन आकडे, आणि मान डोलवायची. नाटक अगदी झकास वठत होतं. फक्त, बर्फात नीट दाबून ठेवलेला मासा नासला तरी डोळ्याला कधीकधी ताजाच दिसतो, हे तिच्याइतकं शेडमध्ये कुणाला ठाऊक नव्हतं. हा माल कुणाच्या तरी ताटात पडणार होता. कुणाच्या तरी लेकराच्या. तिने मान डोलावली. क्रेट पट्ट्यावर गेला.

थोड्या वेळाने बर्फाची गाडी आली. ड्रायव्हर लादी ओढत दारापर्यंत आला आणि जागच्या जागी थबकला. लादी सोडून त्याने कोपर तोंडावर दाबलं.

"अरे, काय मेलंय आत? केवढी घाण ही! उभ्या कशा राहता तुम्ही बायका?"

सुऱ्या थांबल्या. तीस तोंडं दाराकडे वळली, हा काय बोलतोय कळत नसल्यासारखी. पट्टा तेवढा सरकत राहिला.

थोरलीने पट्ट्याकडे बघितलं. मघाचाच क्रेट. तो जाऊच्या पुढ्यात रिता झाला होता, अर्धे मासे तिने चिरलेसुद्धा. नाकापासून हातभर अंतरावर. आणि बया गप्प! गेल्या वर्षी नळाच्या रांगेवरून हिच्याशी दोन महिने अबोला धरला होता, आणि आज ही आपल्याला पाठीशी घालतेय. थोरलीला भरून आलं. तिला जाऊकडे बघवेना.

सुपरवायझर धावत आला. त्याने मास्क खाली ओढला, जाऊच्या पुढ्यातला मासा उचलून नाकाला लावला. पुन्हा लावला.

"काही नाही. ताजा माल आहे," तो म्हणाला. "ए, उगाच बोंब मारू नकोस रे!"

ड्रायव्हर दाराबाहेर भिंतीला धरून ओकत होता.

सुपरवायझरने त्याच्याकडे पाहिलं. मग माशाकडे. मग तो मासा त्याने थोरलीपुढे धरला.

"ताई, तुम्हीच सांगा. नाक तुमचं."

तिने मास्क खाली केला. या वेळी खरंच, छाती भरेपर्यंत श्वास ओढला. नुसता गारवा आत गेला. मान डोलावली की सुटली असती. दोन दिवसांत एवढ्या वेळा डोलावली होती. आता ती हलेना.

"साहेब, मला..." ती म्हणाली, आणि मास्क पुन्हा नाकावर ओढला.

शेजारी जाऊने सुरी खाली ठेवली.

"त्यांना एकटीला कशाला विचारता, साहेब? मला सोमवारपासून वास नाही. त्या बाहेरच्या माणसाशिवाय इथे कुणी नाक तरी धरलंय का, बघा की. आमच्यात कुणालाच येत नाही. आणि तुम्हालाही नाही."