खालचा आवाज

हेडफोनमध्ये जमीन गुरगुरली आणि मुज्तबाच्या हातातली कॅसेट खाली पडली.

त्याने हेडफोन कानांवर घट्ट दाबला. आवाज खरा होता. खोल, जाड, न थांबणारा. असा आवाज त्याने आयुष्यात एकदाच ऐकला होता, सहा वर्षांपूर्वी, किल्लारीकडच्या त्याच्या गावात. त्यानंतर गाव उरलं नव्हतं. रेकॉर्डिंगच्या खोलीच्या भिंतीपलीकडे पंचाक्षरी सरांच्या क्लासची दोनशे पोरं बसली होती. तिसरा मजला, जिना एकच. आणि त्या दोनशेंत तिसऱ्या बाकावर त्याची मुलगी जिक्रा होती.

त्याने कपाटाकडे पाहिलं. कपाटावर स्टीलचे पेले एकावर एक पालथे रचलेले होते. भूकंपानंतर घरोघरी ही सवयच लागली होती. जमीन जराशी हलली तरी पेले खणखणत खाली यावेत आणि माणसांनी बाहेर पळावं. सर हसून त्यांना ‘मुज्तबाभाईंची वेधशाळा’ म्हणायचे. पेले आत्ता खुशाल उभे होते. पण पेल्यांवर भरवसा ठेवायचा की कानांवर? भूकंपाच्या त्या पहाटे जिक्रा मातीखाली गाडली गेली, तेव्हा माणसं भलतीकडेच खणत होती. मुज्तबाने ढिगाऱ्याला कान लावला. आतून बारीक टकटक आली. त्याने भोक पाडलं, हात आत घातला आणि “बाहर आ बेटा, मैं आया” म्हणत पोरीला ओढून काढलं. कानांनीच वाचवली होती ती.

मग आता ओरडायचं की सरळ! पण तीच तर पंचाईत होती. मागच्या पावसाळ्यात खालच्या रस्त्यावरून रोडरोलर गेला आणि हा बाबा ‘भूकंप, भूकंप’ करत हॉलमध्ये घुसला. जिन्यात चेंगराचेंगरी झाली, सिंधु नावाच्या मुलीचं मनगट मोडलं. सर रागावलेसुद्धा नाहीत. एवढंच म्हणाले, “मुज्तबाभाई, आणखी एकदा असं झालं, तर तुम्ही बी घरी अन्‌ पोरगी बी घरी.” त्याच्या रेकॉर्डिंगच्या कामाच्या बदल्यातच जिक्राला क्लासमध्ये जागा मिळाली होती. म्हणजे ओरडलं आणि चुकलं, तर पोरीची डॉक्टरकी बुडाली. गप्प बसलं आणि खरं निघालं, तर पोरगीच गेली.

गुरगुर वाढली. सर बोलायचे थांबले होते, त्यामुळे ती आणखीच ठळक झाली.

त्याने हेडफोन काढला. खोली शांत. पुन्हा कानाला लावला. गुरगुर होतीच. रोज तो यंत्रावरचं एक बटण दाबून ठेवायचा. पंख्यांची घरघर, ट्रकची धडधड, असे खालच्या पट्टीतले सगळे आवाज ते अडवायचं आणि कॅसेटवर नुसतं स्वच्छ बोलणं उतरायचं. पण गावाकडच्या पोरांसाठी या कॅसेटी नेणाऱ्या हदगाव-उमरीकडच्या पालकांनी सांगितलं, सरांचा आवाज पातळ येतो. सरांच्या ते फारच जिव्हारी लागलं. आवाजाला वजन यावं म्हणून आज मुज्तबाने बटण दाबलंच नव्हतं.

आवाज माइकमधून येत होता. माइक हॉलमध्ये होता. तो उठला आणि दार उघडून आत गेला.

हॉल चिडीचूप होता. सरांच्या हातात चाचणीचे तपासलेले पेपर होते. मार्कांवरून दर आठवड्याला बाक ठरत. हुशार पुढे, बाकीचे भिंतीला. पेपर वाटण्याआधी सर असेच मुद्दाम थांबत. पोरांना जरा धाक बसतो म्हणायचे. पंखे सरळ फिरत होते. खिडकीची तावदानं गप्प होती.

“काय झालं हो?” सरांच्या कपाळाला आठी पडली.

मुज्तबा पहिल्या बाकाशी वाकला. माइकचा दांडा त्याच बाकाला आवळलेला होता. पोरांनी सरकवू नयेत म्हणून सगळे बाक लोखंडी पट्ट्यांनी एकमेकांना जोडलेले होते. त्याने जमिनीवर तळहात ठेवला. जमीन गार होती, जागच्या जागी होती. मग बाकाच्या फळीवर ठेवला. फळी थरथरत होती.

त्याने बाकांखाली पाहिलं.

ओळीने सगळ्यांचे गुडघे हलत होते. टाचा वर उचललेल्या, पाय भराभरा थरथरणारे, एकही थांबत नव्हता. वर मात्र सगळे चेहरे शहाण्यासारखे सरांकडे लागलेले. तिसऱ्या बाकाखाली निळी चप्पल होती. ईदला त्यानेच आणलेली. सगळ्यांत जोरात तीच हलत होती.

“माइकात कसला खराब आवाज येऊन राहिलाय काय?” सर वैतागून म्हणाले. “मग बटण दाबा की, रोज दाबता तसं.”

“रोजच दाबून राहिलो, सर, म्हणून तर पोरांचे हे पाय कधी ऐकूच आले नाहीत,” मुज्तबा म्हणाला. त्याला रडू आवरेना.

तो तिसऱ्या बाकाशी जाऊन गुडघ्यांवर बसला. जिक्राने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ती पांढरीफटक पडली. “अब्बा,” ती पुटपुटली, “जमीन फिर हिलरी क्या?”

“नै, बेटा.” त्याने हात पुढे केला. “बाहर आ. मैं आया.”