रुद्रवीणेचा खर्ज

संध्याकाळी साडेसहा वाजता ठाण्याच्या नाट्यगृहात ‘ध्रुवयान’ मालिकेचे संगीतकार दिगंबरकाका यांचा सत्कार सुरू झाला. बारा वर्षं यानाच्या कप्तानाची भूमिका करणारी शर्वाणी त्यांच्याविषयी बोलायला उभी राहिली.

“अवकाश म्हटलं की सगळे यंत्रांचे आवाज शोधतात. काकांनी रुद्रवीणा आणली आणि तिच्या खर्जात ती काळी पोकळी आम्हाला ऐकू आली,” ती म्हणाली. “तीच वीणा आमचा यमदूतही आहे बरं का! एखादं पात्र मरायचं असलं, की दोन भाग आधी त्याच्या प्रवेशाखाली ती वाजते. निर्माते सांगेपर्यंत आम्ही सामान आवरलेलं असतं!”

सभागृह हसलं. काका मात्र मान खाली घालून बसले होते.

मग दिवे मंदावले आणि येत्या भागातला एक प्रवेश पडद्यावर आला. दार सरकलं, कप्तान आत आली. तिच्या पावलांखाली, अगदी हळू, वीणेचा खर्ज घुमू लागला. टाळ्यांसाठी उचललेले हात जागच्या जागी थांबले.

शर्वाणीने निर्मात्याकडे पाहिलं. रणदिवे मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसले होते.

“काका, हे काय?”

“पोरी, मला वाटलं, त्यांनी तुला सांगितलं असेल,” काका पुटपुटले.

उद्याच्या चित्रीकरणाची वेळ कळवणारा निरोप रोज सातच्या आत येतो. सभागृह रिकामं झालं, आठ वाजून गेले, तरी तिचा फोन वाजला नव्हता.