तिसऱ्या अंकातलं चित्र

तिसऱ्या अंकात मालक पुतण्याच्या डोक्यात चित्र घालतो, पुतण्याची मुंडी कॅनव्हासमधून बाहेर येते, आणि प्रेक्षक ज्यासाठी आलेले असतात ते त्यांना मिळतं. बाकीचं नाटक म्हणजे तिथवर पोचायचा रस्ता. एक श्रीमंत म्हातारा, त्याच्या भिंतीवरचं महागडं चित्र, आणि ते लंपास करून तिथे नक्कल टांगायला टपलेले एकजात चोर नातेवाईक. मालक म्हणजे बाबा, पुतण्या म्हणजे त्यांचा मुलगा, चित्र आणून देणारी मोलकरीण म्हणजे मुलगी. बाहेरचे नट घेतले तर त्यांच्याशी नीट बोलावं लागतं.

त्या रात्रीच्या प्रयोगातही मोलकरणीने चित्र आणून मालकांच्या हातात दिलं. मालकांनी वरचं फडकं ओढलं. खिडकीत वाळत घातलेला पांढरा सदरा, मागे उन्हाने विटलेली भिंत.

मुलगा ठरलेली जागा सोडून बहिणीकडे सरकला.

दर प्रयोगाला एक चित्र फाटतं, म्हणून दर प्रयोगाला एक नक्कल लागते. आईने लग्नाआधी काढलेलं एक चित्र घरात होतं. बाबा मुलाला म्हणाले, त्याचीच काढ, समोर आहे तर बाहेर कशाला शोधा. नकलेला पातळ कापड, मागून फुलीसारखी चीर, चिरेवर कागद चिकटवलेला, म्हणजे एका फटक्यात फाटावी. काढून काढून मुलाचा हात असा बसला की गेल्या आठवड्यात त्याने घरच्या भिंतीवर आपली नक्कल चढवली आणि अस्सल उतरवलं. त्या भिंतीकडे घरात कुणी बघत नाही, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. अस्सल चित्र त्याने नाटकाच्या सामानात, नकलांच्या मागे सरकवून ठेवलं. तिथे कोण बघायला जातंय! गिऱ्हाईक उद्या सकाळी येणार होतं.

"हे कुठून उचललंस?" तो ओठ न हलवता म्हणाला.

"मागचं. पुढचं ओलं होतं," बहीण खुर्ची झटकल्यासारखं करत पुटपुटली. "बाबांच्या कोटाला रंग लागला की आई माझा जीव खाते."

"नकली!" मालक गरजले आणि त्यांनी चित्र दोन्ही हातांनी वर उचललं. "माझ्याच घरात, मलाच नकली माल!"

"बाबा, थांबा. हे खरं आहे."

नाटकातला पुतण्या मालकांना काका म्हणतो. थिएटरात खसखस पिकली. बाबांनी मुलाकडे जळजळीत पाहिलं. पोरगा पदरची वाक्यं घालून हशा पळवतोय, असंच त्यांना वाटलं. बाकी काहीही चोरीला गेलेलं त्यांना चालत असे.

"खरं?" ते प्रेक्षकांकडे वळून म्हणाले. "आणि आपल्या घरात?"

हशा त्यांच्याकडे परत आला. मग त्यांनी चित्र हाणलं.

फाटलं नाही. नुसता धप्प आवाज झाला आणि मुलगा गुडघ्यावर बसला. बाबांनी चित्र खाली घेतलं, उलटं करून पाठ पाहिली. चीर नव्हती, कागद नव्हता. पिवळं पडलेलं जाड कापड होतं आणि कोपऱ्यात आईचं माहेरचं नाव होतं. रंगवलेल्या भुवयांखालचे त्यांचे डोळे क्षणभर मालकांचे राहिले नाहीत.

"आईचं एवढं एकच आहे, बाबा," मुलगा कुजबुजला.

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मग त्याचा शेजारी. मग हसू रांगारांगांनी पुढे सरकत आलं. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याला चित्रही धड फोडता येत नाही. बाबांनी मान किंचित तिरकी केली. हशा मोजताना ते नेहमी तशी करत.

त्यांनी दुसरा फटका घातला. तिसऱ्याला कापड फाटलं आणि सदरा होता तिथून मुलाचं डोकं वर आलं. एवढा हशा या नाटकाला कधी मिळाला नव्हता.

पडदा पडला. कपडेपट सांभाळणारी आई विंगेत उभी होती. बाबा घाम टिपत तिच्यासमोरून गेले, खुशीत.

"तीन फटके! उद्यापासून तीनच ठेवू. एका फटक्यात मजा नाही."

"तुम्हाला कळलं होतं," मुलगा म्हणाला.

"हशा ऐकलास का?" बाबा म्हणाले आणि नमस्कारासाठी पडद्यापाशी जाऊन उभे राहिले.

आईने मुलाच्या गळ्यातली चौकट दोन्ही बाजूंनी धरली. "मान खाली घे." त्याच्या कानामागे रक्त आलं होतं. तिने ते बोटाने पुसलं.

"आई, मी ते..."

"भिंतीवरचं तुझं आहे ना? पहिल्याच दिवशी कळलं मला. डावी बाही चुकलीये तुझी."

"मग बोलली का नाहीस?"

चौकट कानापर्यंत वर आली होती. फाटक्या कापडाची टोकं त्याच्या गालांना घासत होती.

"वाटलं, विकशील," आई म्हणाली. "कुणाच्या तरी घरात नीट लागेल."

"अरे, चौकट काढू नका!" पडद्यापाशी उभे असलेले बाबा ओरडले. "नमस्काराला तशीच हवी!"

आईचे हात थांबले. तिने चौकट सावकाश त्याच्या गळ्यात परत सोडली आणि कॉलर सारखी केली.

"जा," ती म्हणाली. "लोक थांबलेत."