भाजांतर

"‘मालिकेचं बजेट भुतासारखंच आहे. असतं म्हणतात, दिसत नाही,’" भाषांतरकारांनी प्रेक्षकाचा अभिप्राय मोठ्याने वाचला. "हे बरोबर लिहिलंय. पुढे ऐक. ‘भुतापेक्षा लिफ्टच्या दाराचा अभिनय बरा. दार निदान हलतं तरी.’"

समोर बायको मटार सोलत बसली होती. "मालिकेचं राहू द्या. तुमच्याबद्दल काय लिहिलंय ते वाचा," ती म्हणाली.

मालिका कोरियन होती. छोटे छोटे भाग, दोन तरुणांची प्रेमकथा, आणि त्यातला एक जण भूत. ऑफिसच्या लिफ्टमध्ये अडकलेलं हे भूत फक्त लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला दिसतं. शेवटच्या भागात परलोकाचा पहारेकरी येतो आणि दुरुस्तीवाल्याला विचारतो, हा तुझा कोण? खरं सांगितलंस तर जिवंत होईल, खोटं बोललास तर कायमचा जाईल. दुरुस्तीवाला सांगतो, हा माझा जोडीदार, माझं प्रेम आहे याच्यावर. भूत जिवंत होतं. मराठी सबटायटल भाषांतरकारांची होती. कोरियन त्यांना येत नव्हतं, पण इंग्रजी संहिता समोर होती आणि तिच्यात शब्द लख्ख होता. तरी त्यांनी लिहिलं, ‘हा माझा मित्र आहे.’

त्यावर प्रेक्षक तुटून पडले होते. ‘मित्र म्हणाला, म्हणजे खोटं बोलला. मग भूत जिवंत कसं झालं? लेखक झोपला होता का?’ एकाने लिहिलं होतं, ‘लेखक नाही, सबटायटलवाला झोपला होता.’ आणखी एक: ‘वर ओठांवर ओठ आणि खाली अक्षरं, मित्रा, काळजी घे! कोरियन कळत नाही म्हणून सबटायटल लावली, आता मराठीही कळेनाशी झाली.’ कंपनीचा निरोपही सकाळीच आला होता. संध्याकाळपर्यंत दुरुस्त करा, नाहीतर पुढचं काम दुसऱ्याकडे जाईल.

"अक्कल पाजळतात लेकाचे!" भाषांतरकार कडाडले. "हे बघ, एकाने आभार मानलेत. ‘सबटायटल सभ्य होती, घरच्यांसोबत बसून बघता आली.’ मी शब्द बदलला तो याच लोकांसाठी."

"घरच्यांना मोतीबिंदू झालाय का? वर चित्र दिसतंय की."

"तू गप्प बस."

"का बसू? जगाच्या पाट्यांवरच्या वेलांट्या सुधारता. दुधवाल्यालासुद्धा ‘चुकलंय, पुन्हा सांग’ म्हणता. आणि हा एक शब्द आला की तुमची दातखीळ बसते. ही खोड आजची नाही तुमची."

 ती कशाबद्दल बोलते आहे ते भाषांतरकारांना कळलं होतं. त्यांचा एकुलता एक मुलगा दुसऱ्या शहरात एका तरुणासोबत राहत होता. दोघांचं घर एक, स्वयंपाकघर एक, दोघांनी मिळून पाळलेलं बहिरं कुत्रंही एकच. दोघं इथे आले होते, तेव्हा भाषांतरकारांनी शेजाऱ्यांना ओळख करून दिली, "हा याचा रूममेट." मुलगा सगळ्यांदेखत म्हणाला, "रूममेट नाही, बाबा." भाषांतरकार म्हणाले, "शब्द मला शिकवू नकोस."

त्यानंतर मुलाने बापाशी बोलणं टाकलं. आईला फोन करायचा, तोही बाबा आंघोळीला गेले की. कधी बाबांनीच लावला, तर तो तरुण उचलायचा आणि अदबीने म्हणायचा, "रूममेट बोलतोय, काका. तो बाहेर गेलाय." भाषांतरकार "बरं" म्हणून ठेवून द्यायचे आणि मग दिवसभर घरातल्या प्रत्येकावर, म्हणजे बायकोवर, डाफरत राहायचे. मुलगा त्यांना फार आठवायचा. हे त्यांनी तिलाही कधी सांगितलं नव्हतं.

"शेवटची राहिली आहे," ते चष्मा सावरत म्हणाले. "हा कोणी ‘लिफ्ट बंद आहे’ नावाचा महाभाग. ‘मालिका टुकार आहे. तरी मी शेवटपर्यंत बघितली, कारण तो दुरुस्तीवाला जे बोलतो ते ऐकायचं होतं. खाली वाचलं तर मित्र. याला भाषांतर म्हणत नाहीत. याला म्हणतात...’"

ते थांबले.

"काय म्हणतात?" बायकोने विचारलं.

"‘भाजांतर,’" ते हळूच म्हणाले.

बायकोच्या हातातली शेंग तशीच राहिली.

हा शब्द कुठल्याही शब्दकोशात नव्हता. शाळेत बाईंनी वडील काय करतात विचारल्यावर त्यांच्या पोराने छाती काढून सांगितलं होतं, "भाजांतर!" बाईंना वाटलं, भाजीचं दुकान आहे. त्यांनी टोमॅटोचा भाव विचारला होता. पुढे कित्येक वर्षं या घरात भाषांतराला कोणी भाषांतर म्हटलं नाही. घराबाहेर हा शब्द कधी गेलाच नव्हता.

"आपला आहे तो," बायको म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "तुमचं नाव बघून बघितली असेल हो त्याने ती टुकार मालिका."

भाषांतरकारांनी सबटायटलची फाइल उघडली. ‘मित्र’वर बोट ठेवून तो पुसला. जागा मोकळी राहिली. मग फाइल तशीच ठेवून त्यांनी फोन उचलला आणि मुलाचा नंबर लावला.

पलीकडून तोच आवाज आला, जपून बोलणारा. "रूममेट बोलतोय, काका. तो जरा बाहेर..."

"‘रूममेट’ आणि ‘काका’, दोन्ही शब्द चुकलेत," भाषांतरकार खेकसले. "पुन्हा सांग."