चौथा दात

"मोठा आ कर," कवळीवाली म्हणाली. मास्तरणीने आ केला. तिचा वरचा पुढचा दात मुळासकट गेला होता. तीन आठवडे झाले होते, हिरडी भरून आली होती. आता माप घेता येणार होतं.

कवळीवालीने पावडरीत पाणी घालून गुलाबी लगदा घोटला, साच्यात भरला आणि मैत्रिणीच्या टाळूला दाबून धरला. लगदा घट्ट व्हायला तीन मिनिटं लागतात. तेवढा वेळ हलायचं नाही, बोलायचं नाही. कवळीवालीने हीच तीन मिनिटं निवडली होती.

नऊ वर्षांपूर्वी, नवऱ्याने मास्तरणीचा पहिला दात पाडला तेव्हा, कवळीवाली सरळ बोलून मोकळी झाली होती. "आजच्या आज सोड त्याला." मास्तरीण ताडकन उठली होती. "तू संसार केलायस का कधी? निघाली मोठी शिकवायला!" मग सात महिने अबोला. त्या सात महिन्यांत दुसरा दात गेला. तो तिने परक्याकडून बसवून घेतला, तोही भलत्याच पिवळट रंगाचा.

कवळीवालीने त्यावर खूप विचार केला. सल्ला बरोबर होता, क्रम चुकला होता. आधी आधार द्यायचा, मग सल्ला.

तेव्हापासून दर बुधवारी शाळा सुटली की मास्तरीण इथे यायची. चहा व्हायचा. कवळीवाली सगळं ऐकून घ्यायची, एकदाही "मी सांगत नव्हते?" म्हणाली नाही. सुजेवर बर्फ धरायची. "काय म्हणतोय आपला पहिलवान?" असं विचारून रडतीला हसवायची. तिसरा दात तर तिने असा हुबेहूब केला की सख्ख्या बहिणीलाही कळला नाही.

आणि आज हा चौथा.

"ऐक," साचा तसाच धरून ती म्हणाली. "तुझ्या ताईशी बोललेय मी. खोली रिकामी करून ठेवलीय तिने. तिथल्या शाळेत जागा आहे. उद्या नऊला तो कामावर गेला की मी गाडी घेऊन येते. दोन बॅगा, बस्स. पुढच्या वेळी दातावर निभावणार नाही गं. तू फक्त हो म्हण."

मास्तरणीच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. पण ती उठली नाही. उलट तिने कवळीवालीचा मोकळा हात घट्ट धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. नऊ वर्षांत पहिल्यांदाच हे बोलणं तिने पूर्ण ऐकलं होतं.

तीन मिनिटं झाली. साचा 'चप' करून निघाला. मास्तरणीने चूळ भरली, तोंड पुसलं, मोठा श्वास सोडला.

"हलकं वाटलं बघ."

"मग येऊ ना उद्या नऊला?"

"वेडी आहेस का?" तोंडावर हात धरून मास्तरीण हसली. तिने मायेने कवळीवालीच्या गालावरून हात फिरवला. "अगं, तू नसतीस तर मी त्याला केव्हाच सोडलं असतं."